मलप्पा कंडक्टर आणि अडतीस घरं

मलप्पा तोंडारे यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसले. नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात प्रवेशाची खिडकी होती, तिच्या आत ते आणि मी. माझं नाव महानंदा. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि त्यांनी साठी ओलांडलेली होती. त्यांची हकीकत काही मी त्यांच्या तोंडून ऐकली, काही त्यांच्या पत्नी नीलाबाईंकडून. सगळ्यात अवघड भाग मात्र महादेवीनं सांगितला. ती कोण, ते पुढे येईलच. तिघांच्या सांगण्यात फारसा फरक पडला नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे.

मलप्पा मूळचे उदगीरकडचे. घरचं किराणा दुकान होतं, पण चार भावांना पुरेल एवढं काम त्या दुकानात नव्हतं. म्हणून ते एसटीत लागले आणि पस्तीस वर्षं कंडक्टर राहिले. बहुतेक काळ लातूर-नांदेड गाडीवर, मधली काही वर्षं नांदेडहून उमरी आणि हदगावला. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, खांद्याला चामड्याची पिशवी. रस्त्यावरची सगळी गावं त्यांना मामा म्हणत. नांदेडहून औषध आणायचं असो, लोह्याच्या लेकीला निरोप द्यायचा असो, लोक थांब्यावर येऊन मामांच्या हातात देत आणि निर्धास्त घरी जात.

त्यांची एक रीत होती. तिकीट फाडण्याआधी ते विचारायचे, "कुठं जायचं?" माणसानं गावाचं नाव सांगितलं की म्हणायचे, "गाडी आत जात न्हाई. फाट्यावर उतरावं लागल, तिथून दीड कोस चालणं हाय. पाठीमागून येणारी गाडी आत जाती. बगा, थांबायचं का?" डेपोतले लोक हसत. गाडीत चढलेला माणूस खाली उतरवणारा कंडक्टर म्हणून त्यांची थट्टा चालायची. पण त्यामुळेच त्यांच्या शब्दाला वजन आलं होतं. त्या वजनाचं पुढे कुणी काय करील, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. आदल्या वर्षी पाऊस गेला होता आणि त्या वर्षीही तो आला नाही. बोअर आटले, गावोगावी टँकर सुरू झाले, ज्यांच्याकडे चारा नव्हता त्यांनी जनावरं बाजारात उभी केली. दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी आईबापांबरोबर रोजगार हमीच्या कामावर माती वाहत होती. आणि त्याच वेळी लातुरात मात्र बांधकामं चालू होती. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, पाटबंधारे, बांधकाम खातं, रोज कुठल्या तरी नव्या कचेरीची पाटी लागत होती. खेड्यातल्या माणसाला वाटायचं, एवढ्या कचेऱ्या झाल्या म्हणजे नोकऱ्याही होणारच.

हे सगळ्यांच्या मनातलं किशनरावांनी बरोबर हेरलं. किशनराव आधी लहानमोठी कंत्राटं घ्यायचे. त्यांनी लातुरात खताच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेतला आणि एक तांत्रिक प्रशिक्षण संस्था काढली. तिचं नाव लिहीत नाही. ती आता नाही, आणि तिच्यात शिकलेल्या माणसांना ते वाचून बरं वाटणार नाही. दोन अभ्यासक्रम होते, बांधकाम पर्यवेक्षक आणि प्रयोगशाळा सहायक. मुदत एक वर्ष, फी अठराशे रुपये.

किशनराव स्वतः मलप्पांच्या घरी आले. नीलाबाईंनी चहा दिला. किशनराव म्हणाले, "मामा, नवा जिल्हा हाय. या कचेऱ्यांना मानसं कुठून येनार? पुन्याहून? आपल्या पोरांच्या हाताला हुनर न्हाई म्हनून बाहेरचे येतात. तुम्ही गावोगाव ओळखीचे. तुम्ही नुस्तं सांगा, बाकी आमी बगतो."

महिना पाचशे रुपये ठरले. शिवाय प्रवासखर्च. तो प्रवासखर्च दर प्रवेशामागे पंचवीस रुपये असा मिळत होता, गाडीभाडं कितीही झालं तरी. मलप्पांना ते थोडं विचित्र वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. पुढे ते मला म्हणाले होते, "तितंच विचारायला पाहिजे होतं. भाड्याचा पैसा डोक्यावर कसा मोजता म्हनून. पन घरी रिकामं बसून महिना होत आलता, आन मानूस बोलवायला दारात आलता."

जून-जुलैत ते हिंडले. हातात पिवळ्या कागदाची पत्रकं. सांगायचं काय ते किशनरावांनी शिकवलं होतं. फी आधी भरायची, मग गरीब घरच्या मुलांना सरकारची सवलत मिळते आणि फी परत येते. परीक्षा झाली की नव्या जिल्ह्यात नोकरीला वाव. मलप्पा ते आपल्या शब्दांत सांगायचे आणि आपल्या शब्दांत सांगितल्यामुळे ते अधिक खरं वाटायचं.

उमरीच्या पुढे एका पाझर तलावाच्या कामावर त्यांना महादेवी भेटली. डोक्यावर मातीची पाटी, वय सतरा. तिची आई कस्तुराबाई शेजारी खोऱ्यानं माती भरत होती. महादेवी लहान असताना उमरीच्या गाडीनं शाळेत जायची, म्हणून मामांना ती ओळखीची.

"धाव्वीला किती पडले गं?"

"अठ्ठावन्न टक्के."

"आन माती टाकून ऱ्हायलीस?"

तिनं पाटी खाली ठेवली. मलप्पांनी पत्रक काढलं. दुपारच्या सुट्टीत बाभळीच्या सावलीत बसून महादेवीनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं. अगदी खाली, बारीक अक्षरात, दोन शब्द होते: मान्यता प्रस्तावित. तिनं विचारलं, "मामा, प्रस्तावित म्हंजी काय?"

मलप्पा म्हणाले, "म्हंजी येनारच हाय."

कस्तुराबाईंचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले होते. घरात बैलजोडी होती, तिला चारा नव्हता, ती विकायचीच होती. ते पैसे कशात घालावेत यावर त्यांचा विचार चालला होता. त्यांनी एवढंच म्हटलं, "मामा, मला वाचता येत न्हाई. तुमी सांगून ऱ्हायले म्हनून धाडते."

"हाव, धाडा," मलप्पा म्हणाले.

त्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, त्यांच्या शब्दावर अडतीस जणांनी प्रवेश घेतला. त्यांनी नावं एका लहान डायरीत लिहिली होती, थांब्यांच्या क्रमानं. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, मग एकीकडे उमरी, दुसरीकडे हदगाव.

महादेवी लातुरात एका लांबच्या नातेवाइकाकडे राहू लागली. खताच्या दुकानावर वर्ग भरत. दोन मास्तर होते, त्यांतला एक दिवाळीनंतर यायचा बंद झाला. प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक होता, त्याची काच फुटलेली. मुली वहीत आकृत्या काढायच्या. तरी महादेवी रोज जायची, कारण सवलतीचा अर्ज भरायचा होता आणि फी परत यायची होती. डिसेंबरात तिनं संस्थेत विचारलं, अर्ज कधी भरायचा? उत्तर मिळालं, पुढच्या महिन्यात. तिनं दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा न विचारता सरळ सवलत देणाऱ्या सरकारी कचेरीत गेली. तिथल्या खिडकीवरच्या कारकुनानं मान्यताप्राप्त संस्थांची यादी तिच्यासमोर ठेवली. तिनं ती दोनदा वाचली. संस्थेचं नाव त्यात नव्हतं.

ती तिथून मलप्पांच्या घरी गेली. लातुरात त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. नीलाबाई सांगत, पोरगी रडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, "मामा, यादीत नाव न्हाई."

"नव्यानं छापली नसंल," मलप्पा म्हणाले.

"याच महिन्याची हाय. मी तारीख बगितली."

दुसऱ्या दिवशी मलप्पा स्वतः रांगेत उभे राहिले. यादी वाचली. कारकुनाला त्यांनी विचारलं, "सायेब, प्रस्तावित म्हंजी काय असतं?"

कारकून म्हणाला, "म्हणजे त्यांनी मागितलं आहे. आम्ही दिलेलं नाही. देऊ, असंही कुणी म्हटलेलं नाही. मान्यता नसेल तर सवलत नाही, आणि त्या कागदावर सरकारी नोकरीला अर्जही करता येत नाही."

मलप्पा तिथून संस्थेत गेले. किशनराव टेबलामागे बसून कुणाशी तरी सिमेंटच्या पोत्यांबद्दल बोलत होते. तो माणूस जाईपर्यंत मलप्पा उभे राहिले.

"सायेब, मान्यता आली का?"

"फाइल वर गेली हाय मामा. येईल."

"कवा गेली?"

किशनरावांनी चष्मा काढला. "ऑगस्टात."

"आपन प्रवेश जूनात केले."

"सगळे असंच करतात. पोरं दिसल्याबिगर मान्यता मिळत न्हाई, आन मान्यता म्हनल्याबिगर पोरं येत न्हाईत. तुमीच सांगा, काय करायचं?"

मला वाटतं, किशनराव खोटं बोलत नव्हते. मान्यता येईल असं त्यांना खरंच वाटत असावं. मलप्पांनाही तसंच वाटलं. ते म्हणाले, "मग मागितली हाय, एवढंच सांगायचं होतं. येनारच हाय म्हनून मी सांगितलं. फी परत मिळंल म्हनून मी सांगितलं."

"तुमच्या पगारात काही कमी पडलं का मामा?"

मलप्पा जिना उतरून खाली आले. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं.

नीलाबाईंनी मला सांगितलं, तीन दिवस ते जेवायला बसायचे आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचे. चौथ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर डायरी काढली. नीलाबाईंनी विचारलं, "काय करता?"

"घरोघर जातो. सांगून येतो."

"लोक मारतील."

"मारले तर मारले."

महादेवीला त्यांनी निरोप दिला, तुझ्या आईला तू सांगू नको, ते माझं काम आहे. मी येऊन सांगतो. तिनं ऐकलं. हा निरोप देताना त्यांच्या मनात आलं असावं की आपण आठवड्याभरात उमरीला पोचू. प्रत्यक्षात त्यांना सहा आठवडे लागले. ते जवळच्या घरांपासून सुरू झाले, ओळखीच्या, बोलक्या, रागीट नसलेल्या घरांपासून, आणि कस्तुराबाईंचं घर मागे पडत गेलं. ते स्वतः म्हणायचे, "मी भ्यालो. माराला भ्यालो न्हाई. तिच्या तोंडाकडं बगायला भ्यालो." त्या सहा आठवड्यांत कस्तुराबाईंनी लेकीसाठी दोनदा ज्वारीचं पीठ पाठवलं.

अडतीस घरं. चाकूरकडच्या एका घरात त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "मग आता पोराला आनू का तितंच ठिवू?" मलप्पा म्हणाले, "मला ठाव न्हाई. मला ठाव होतं असं समजून मी मागं बोललो. आता जे ठाव हाय तेवढंच सांगतो." अहमदपूरजवळ दोन भावांनी त्यांना दारातूनच परत लावलं. लोह्यात एक बाई हसली आणि म्हणाली, आमच्या पोराला केव्हाच कळलंय, तो तिथं जातच नाही, टायरच्या दुकानात कामाला लागलाय. काही जणांनी विनवणी केली की मामा, तुम्ही हे कुठं बोलू नका, गवगवा झाला तर येणारी मान्यताही अडेल. त्यांचंही खोटं नव्हतं.

प्रत्येक घरी ते एकच गोष्ट तीन वाक्यांत सांगत. संस्थेला मान्यता नाही. फी परत मिळणार नाही. मी न वाचता, न विचारता तुम्हाला सांगितलं. आणि प्रवेशाचे मिळालेले पंचवीस रुपये त्या घरी ठेवत. काही घरांनी ते घेतले, काहींनी नाही.

हदगावला गुरुबसप्पा नावाचे कापसाचे व्यापारी होते. त्यांच्या धाकट्या मुलानं प्रवेश घेतला होता. गुरुबसप्पांना पैशाची फिकीर नव्हती. ते म्हणाले, "फी गेली तर गेली. पन या संस्थेसाठी मी पोराची नांदेडची कॉलेजची जागा सोडली. तुमी माझ्याच जातीचे, माझ्या दुकानात चहा प्यालेले. ते वरीस कुठून आनून देता?" गुरुबसप्पांनी दार लावून घेतलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर ते उमरीला उतरले. दुपार होती. कस्तुराबाई त्या दिवशी कामावर गेल्या नव्हत्या, कारण टँकर यायचा होता. त्यांनी मामांना ओसरीवर बसवलं आणि तांब्या पुढे केला. गावात पाणी मोजून मिळत होतं. मलप्पांनी तांब्याला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं.

कस्तुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई, म्हनून तुमाला विचारलं. तुमी वाचला होता का कागद?"

"न्हाई," मलप्पा म्हणाले. "वाचला न्हवता."

"पोरीनं वाचला होता."

"हाव. तिनं विचारलं बी होतं."

"मग तुमी काय सांगितलं?"

"येनारच हाय म्हनून."

कस्तुराबाई उठल्या. मलप्पांना वाटलं, आता त्या जायला सांगतील. त्या म्हणाल्या, "पानी प्या. ऊन लई हाय." त्यांनी पंचवीस रुपये घेतले नाहीत. नोटा मलप्पांच्या पायाजवळ पडून होत्या, त्या कस्तुराबाईंनी उचलून परत मलप्पांच्या पिशवीवर ठेवल्या. महादेवीनं हे मला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई त्यानंतर वर्षभर मामांबद्दल वाईटही बोलली नाही आणि चांगलंही नाही.

पुढचं काम मलप्पांनी एका वकिलाच्या मदतीनं केलं. संस्थेची चौकशी व्हावी अशी दरखास्त लिहिली. अडतीसपैकी एकतीस घरांनी सह्या केल्या किंवा अंगठे दिले. ते कागद घेऊन ते नव्या कलेक्टर कचेरीत गेले. सहीच्या पहिल्या ओळीत पालकाचं नाव नव्हतं, त्यांचं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: प्रवेशासाठी गावोगाव जाणारा. वकील म्हणाले, हे लिहू नका, तुमच्यावरच येईल. ते म्हणाले, आलं तर येऊ द्या.

चौकशी झाली. तिला चार महिने लागले. किशनरावांना तुरुंग वगैरे काही झालं नाही. त्यांनी सव्वीस मुलांची अर्धी फी परत केली, बाकीच्यांची केली नाही, आणि दिवाळीच्या आधी खताच्या दुकानावरची पाटी उतरली. मान्यता शेवटपर्यंत आली नाही. किशनराव नंतर पुन्हा कंत्राटं घेऊ लागले. बाजारात मलप्पा दिसले तर नमस्कार करायचे, आणि मलप्पा उत्तर द्यायचे.

महादेवीचं वर्ष गेलं. ती गावी परतली आणि पुन्हा पाझर तलावाच्या कामावर जाऊ लागली. जूनमध्ये मलप्पा तिच्या घरी आले. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात परिचारिकांचा अभ्यासक्रम होता, त्याची जाहिरात त्यांनी आणली होती. यादीत नाव आहे का, हे त्यांनी स्वतः जाऊन बघितलं होतं. विद्यावेतन किती मिळतं आणि ते महिन्याच्या महिन्याला मिळतं की चार-सहा महिन्यांनी, हे त्यांनी तिथं शिकणाऱ्या तीन मुलींना विचारलं होतं. मुली म्हणाल्या होत्या, पाच महिन्यांनी आलं.

ते सांगायला लागले तशी महादेवी म्हणाली, "मामा, तुमी सांगू नका. कागद द्या. मी वाचते."

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचून झाल्यावर चार प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं त्यांना माहीत होती, ती त्यांनी दिली. दोनांना ते म्हणाले, माहीत नाही. महादेवीनं ते दोन प्रश्न नांदेडला जाऊन स्वतः विचारले आणि मग अर्ज भरला. ती पास झाली आणि तिला नेमणूक मिळाली. पुढची पंधरा वर्षं ती उमरी भागातल्या गावांत लसी टोचत, बाळंतपणं करत हिंडली.

एकोणनव्वद साली नांदेडला आमचं तंत्रनिकेतन सुरू झालं. त्याला मान्यता होती. प्राचार्यांनी दरखास्तीची बातमी कुठे तरी वाचली होती. त्यांनी मलप्पांना बोलावलं आणि प्रवेशाच्या खिडकीवर बसायला सांगितलं. मलप्पा आधी नाही म्हणाले. मग अटी घातल्या. प्रवेशामागे पैसा नको, महिन्याचा पगार काय द्यायचा तो द्या. फी सांगायची तर तिन्ही वर्षांची मिळून सांगणार, पहिल्या वर्षाची नुसती नाही. सवलत कुणाला मिळत नाही, ते आधी सांगणार. आणि ज्या दिवशी अर्ज दिला त्या दिवशी फी घ्यायची नाही, तीन दिवसांनी घ्यायची.

मी त्याच वर्षी लागले. मला वाटायचं, हा म्हातारा पोरं हाकलून लावायला बसवलाय. माणूस उत्साहानं यायचा, मलप्पा त्याला विचारायचे, "उत्पन्नाचा दाखला हाय का? किती लिवलंय त्यात?" दाखला बघून म्हणायचे, "तुमाला सवलत बसत न्हाई. तीन वर्षांची फी इतकी, वसतिगृह वेगळं, तिथं जेवन वेगळं. मागल्या कुठल्या बॅचला नोकरी लागली ते मला सांगता येत न्हाई, कारन अजून बॅच बाहेर पडली न्हाई. घरी जावा, इचार करा." माणसाचा चेहरा उतरायचा. पहिल्या वर्षी आमच्या एकोणीस जागा रिकाम्या राहिल्या. प्राचार्य खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "तोंडारे, रस्त्याच्या पलीकडे नवी संस्था निघाली आहे. ते म्हणतात सगळं मोफत. मुलं तिकडे चालली."

मलप्पा म्हणाले, "जातील सायेब."

"आपण निदान सवलतीचं आधी सांगायचं आणि फीचं नंतर, एवढं तरी करा."

"दोनी एकाच दमात सांगतो. ऐकनारा हिशेब एकाच दमात करतो."

प्राचार्य चिडून गेले. पण त्यांनी मलप्पांना काढलं नाही, आणि मला ते का, हे कधी कळलं नाही. तिसऱ्या वर्षी दोन जागा रिकाम्या होत्या. पाचव्या वर्षी एकही नाही. त्यात मलप्पांचा हात किती आणि शहर वाढत होतं त्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. एका माणसाचं मला आठवतं. हदगावकडचा शेतकरी, मुलाला घेऊन आला होता. मलप्पांचं सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, तुम्ही लोक गरिबाच्या पोराला शिकू देत नाही. तो रागानं रस्ता ओलांडून पलीकडे गेला. त्या मुलाचं पुढे काय झालं, आम्हाला कळलं नाही. मलप्पा मात्र पुढे दोन-तीन महिने एसटी स्टँडवर गेले की त्या गावच्या लोकांना त्याच्याबद्दल विचारत राहिले.

एकदा दुपारी महादेवी खिडकीवर आली. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, सोबत तिचा चुलतभाऊ. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिनं मलप्पांना वाकून नमस्कार केला, पण बोलली कामाचंच. अर्ज मागितला, उभ्यानं पूर्ण वाचला, मागची बाजूही वाचली. मलप्पांनी आपण होऊन एक शब्द सांगितला नाही. तिनं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. शेवटी ती म्हणाली, "तीन दिवसांनी येते." ती गेल्यावर मलप्पांनी चष्मा पुसला आणि मला पुढचा अर्ज काढायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला अडतीस घरांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तोपर्यंत आम्ही चार वर्षं शेजारी बसलो होतो.

मी विचारलं, "मामा, तुम्ही घरोघर गेलात, दरखास्त दिलीत. मग अजून मनाला का लावून घेता?"

ते म्हणाले, "गेलो म्हनून काय झालं. पोरांची वर्षं गेली ती गेली. मी गेलो ते माझ्यासाठी गेलो." मग म्हणाले, "गुरुबसप्पाच्या पोराचं वरीस अजून मला आनून देता आलं न्हाई."

दरवर्षी श्रावणात ते एकदा हदगावला जात. गुरुबसप्पांच्या दुकानासमोर थांबत. आत बोलावलं तर जायचं, एवढंच. एकदाही बोलावणं झालं नाही. तो मुलगा पुढे शिकला नाही, वडिलांच्याच दुकानात बसला. मलप्पा आले की तो आतल्या खोलीत जायचा.

अठ्ठ्याण्णव साली मलप्पांची दृष्टी फार कमी झाली. दाखल्यावरचे आकडे दिसेनात, तेव्हा त्यांनी आपण होऊन काम सोडलं. खिडकीवर मी राहिले. तीन दिवसांचा नियम दोन वर्षं टिकला, मग नव्या व्यवस्थापनानं तो बंद केला. मी विरोध केला नाही. माझ्यावर घर होतं. फी मात्र मी तिन्ही वर्षांची मिळूनच सांगत राहिले, आणि त्याबद्दल मला दोनदा लेखी समज मिळाली.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये ते गेले. वीरशैव रीतीप्रमाणे उदगीरला त्यांच्या शेतात समाधी दिली. उन्हाळा लागला होता, त्या वर्षीही पाणी कमीच होतं. अडतीस घरांपैकी पाच घरची माणसं आली होती. हदगावहून कुणी आलं नाही. महादेवीची त्या दिवशी लसीकरणाची ड्यूटी होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आली, कस्तुराबाईंना सोबत घेऊन. दोघी नीलाबाईंच्या शेजारी बसल्या. संध्याकाळी निघताना कस्तुराबाईंनी नीलाबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाई, उमरीला या. चार दिवस ऱ्हावा."

नीलाबाई वैशाखात गेल्या आणि आठ दिवस राहून आल्या.